कॅमेरा कोणाच्या हाती?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आपल्या गावात टेलिव्हिजन येऊ द्यायचा की नाही, यावर एखाद्या गावानं रीतसर मतदान घेतलं आणि बहुमतानं 'नको' म्हणून सांगितलं, असं तुम्ही कधी ऐकलं आहे का? कॅनडाच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, इग्लूलिक नावाचं गाव आहे. वस्ती आजही दोन हजारांच्या आसपास. वर्षातले बरेच महिने भोवतालचा समुद्र गोठलेला असतो. या गावानं १९७५ साली टीव्हीवर मतदान घेतलं आणि तो नाकारला. १९७९ साली पुन्हा मतदान झालं, पुन्हा नकार. १९८३ साली मात्र त्याच गावानं होकार दिला.

मधल्या चार वर्षांत असं काय बदललं? गाव सुधारलं, हट्ट सुटला, असं आपल्याला चटकन वाटेल. पण तसं झालं नव्हतं. कॅनडानं १९७२ साली 'आनिक' उपग्रह सोडला आणि उत्तरेकडच्या वस्त्यांत दक्षिणेचे कार्यक्रम दिसू लागले. ते इंग्रजीत असायचे, काही फ्रेंचमध्ये. तिथले लोक बोलतात त्या इनुक्टिटुट भाषेत जवळजवळ काहीच नसे. मुलं शाळेत दिवसभर इंग्रजी ऐकतात, आता घरातही रात्रभर तेच ऐकतील, मग आपल्याशी बोलेल कोण, ही वडीलधाऱ्यांची भीती होती. १९८१ साली 'इन्युइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन' ही त्यांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली. १९८२ पासून त्यांच्या भाषेतले, त्यांच्याच माणसांनी केलेले कार्यक्रम दिसू लागले, तेव्हा गावानं दार उघडलं. म्हणजे भांडण टीव्हीच्या पेटीशी नव्हतंच. त्या पेटीतून कोण बोलणार, एवढाच प्रश्न होता.

मी अनेक वर्षं फिल्म सोसायटीच्या कामात आहे. चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांत तरुण मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. आमच्या भागातली बोली, गाणी, विधी सगळं लोपत चाललंय, आम्ही कॅमेरा घेऊन ते जपून ठेवू शकतो का? त्यांना उत्तर देताना मी या इग्लूलिक गावाची गोष्ट सांगतो. आज तीच तुम्हाला सांगणार आहे.

'नानूक'चा इग्लू

आपण ज्यांना लहानपणी पाठ्यपुस्तकात 'एस्किमो' म्हणून ओळखलं, ती ही माणसं. ते नाव इतरांनी दिलेलं. ती स्वतःला 'इन्युइट' म्हणवतात, म्हणजे माणसं. जगानं त्यांना पडद्यावर पाहिलं ते १९२२ साली, रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या चित्रपटात. माहितीपटांच्या इतिहासाचं पहिलं पान बहुतेक वेळा याच चित्रपटानं उघडतं. एका फर व्यापारी कंपनीच्या पैशावर तो तयार झाला होता.

चित्रपट सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्यातल्या नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं, ते होतं अलाकारिआलाक. पडद्यावरचं कुटुंब खऱ्या आयुष्यात एक कुटुंब नव्हतं. त्या काळात लोक बंदुकीनं शिकार करत असताना चित्रपटात मात्र भाले आणि हार्पून आहेत. इग्लूच्या आत कॅमेरा आणि उजेड मावेना, म्हणून एक मोठा इग्लू बांधून तो अर्धा कापला गेला, आणि बिचारी मंडळी त्या उघड्या इग्लूत थंडीत झोपल्याचा अभिनय करत राहिली. ग्रामोफोनची तबकडी बघून चकित झालेला नानूक ती दातानं चावून बघतो, हे दृश्य तर प्रसिद्धच आहे. जगभरचे प्रेक्षक त्यावर हसले.

यावर अनेकांनी टीका केली की हे खोटं आहे, सगळं रचलेलं आहे. मला ही टीका अर्धवट वाटते. गेलेला काळ दाखवायचा तर तो रचावाच लागतो. शिवाय फ्लाहर्टी चित्रित केलेला भाग तिथल्या लोकांना दाखवत असत, तेच लोक फिल्म धुवायला आणि कॅमेरा दुरुस्त करायलाही मदत करत. खरा प्रश्न वेगळा आहे. काय दाखवायचं, काय गाळायचं आणि कशावर हसायचं, हे शेवटी कुणी ठरवलं? ते ठरवणारा माणूस बाहेरचा होता, आणि चित्रपट बघणारेही बाहेरचेच होते.

मूर्ती विकून आणलेला कॅमेरा

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, १९८१ साली, इग्लूलिकचा एक तरुण मूर्तिकार आपली शिल्पं विकायला माँट्रियाल शहरात गेला. त्याचं नाव झकारायस कुनुक. सोपस्टोन नावाच्या मऊ दगडात तो सील, अस्वलं, शिकारी कोरायचा. शिल्पांच्या पैशातून त्यानं एक व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला आणि गावी आणला. त्या वेळी गावात टीव्हीसुद्धा नव्हता, हे लक्षात घ्या.

कुनुकचा जन्म १९५७ सालचा, गावातला नव्हे, तर एका छावणीतला. त्याचे आईवडील शिकारीच्या ऋतूप्रमाणे फिरत. पण मुलांना शाळेत घातलं पाहिजे, असा सरकारी दबाव आला आणि तो नऊ वर्षांचा असताना त्याला इग्लूलिकच्या शाळेत यावं लागलं. तिथल्या समाजमंदिरात इंग्रजी सिनेमे दाखवत. तिकिटाचे पंचवीस सेंट मिळवण्यासाठी पोरगा दगड कोरायला शिकला. सिनेमे असायचे जॉन वेनचे, गोरे घोडदळ विरुद्ध तांबडे इंडियन. बाणांनी मेलेले सैनिक बघून हा मुलगाही हळहळायचा, की असं क्रूर काम करणारे हे इंडियन आहेत तरी कसले! आपण शिक्षणात काय शिकलो, तर सैनिकाच्या बाजूनं विचार करायला, असं त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

कॅमेरा घेण्यामागे त्याचा विचार अगदी साधा होता. वडील आणि त्यांचे मित्र शिकारीहून परतले की चहा पीत बसत आणि आजची शिकार कशी झाली याची गोष्ट रंगवून सांगत. ही शिकारच चित्रित करता आली तर? पुढे तो नव्या प्रसारण संस्थेत काम करू लागला. तिथे त्याचा सहकारी होता पॉल आपाक. काही वर्षांत दोघांच्या लक्षात आलं की संस्था आपली असली तरी कार्यक्रमाची लांबी, बातमीची चौकट, पैशाच्या चाव्या, सगळं दक्षिणेकडूनच ठरतं. १९९० साली कुनुक, आपाक, पाउलूसी कुलितालिक हे बुजुर्ग आणि न्यूयॉर्कहून आलेले व्हिडिओ कलावंत नॉर्मन कोहन या चौघांनी 'इग्लूलिक इसुमा' ही स्वतःची कंपनी काढली. 'इसुमा' म्हणजे विचार करणं.

त्यांच्या सुरुवातीच्या कामांत 'नुनावुत' म्हणजे 'आपली भूमी' ही तेरा भागांची मालिका आहे. काळ १९४५-४६ चा, म्हणजे लोक छावण्या सोडून वस्तीत येण्याच्या आधीचा. त्यात फारसं कथानक नाही. दगडी घर बांधणं, वॉलरसची शिकार, कुत्र्यांची गाडी जुंपणं, एकत्र बसून खाणं. पण ज्यांनी तो काळ जगला होता तीच माणसं कॅमेऱ्यापुढे उभी होती. तरुण मुलं त्यांच्याकडून भूमिका शिकता शिकता घर बांधायलाही शिकत होती. १९८६ पासून गावात वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचं काम चालू होतं, तेही मोलाचंच. पण बर्फ कसा कापावा हे मुलाखतीत सांगणं वेगळं आणि करून दाखवताना हात कुठे थांबतो, कुठे वळतो हे बघणं वेगळं.

आठ जणांनी सांगितलेली एक गोष्ट

मग आला 'अतानारजुआत'. इंग्रजीत 'द फास्ट रनर'. ही त्या भागातली पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी दंतकथा. कुनुकनं ती लहानपणी झोपताना आईकडून ऐकली होती. दोन भाऊ, एक बलवान आणि दुसरा वेगानं धावणारा. एका मुलीवरून पुढाऱ्याच्या मुलाशी वैर होतं. थोरल्या भावाचा खून होतो आणि धाकटा उघड्या अंगानं, अनवाणी पायांनी, बर्फ झालेल्या समुद्रावरून जीव घेऊन पळत सुटतो. एकदा बघितलं की ते दृश्य विसरता येत नाही.

या चित्रपटाची पटकथा कशी तयार झाली, हे मला चित्रपटाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आपाक यांनी आठ वृद्धांकडून ही कथा स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केली. प्रत्येकाची गोष्ट थोडी वेगळी. कुणाला एक प्रसंग आठवत होता, कुणाला दुसरा. त्या आठांतून एक कथा गुंफली गेली, आणि पटकथा आधी इनुक्टिटुटमध्ये लिहिली गेली. संवाद वाचून दाखवले की वृद्ध टोकत, की त्या काळी सून सासऱ्याशी असं बोलत नसे, हा शब्द अलीकडचा आहे, त्याच्याऐवजी जुना शब्द होता तो असा. म्हणजे पटकथेच्या निमित्तानं गावात भाषेची उजळणी चालू होती.

कपड्यांचंही तसंच. गावातल्या बायकांनी कॅरिबूच्या आणि सीलच्या कातड्यांचे पोशाख हातानं शिवले. काही जुन्या पद्धती कुणालाच नीट आठवेनात, तेव्हा आधार कुणाचा घेतला? ब्रिटिश दर्यावर्दी विल्यम पॅरी यांची जहाजं १८२२-२३ च्या हिवाळ्यात इग्लूलिकला बर्फात अडकून होती. त्यांच्या वृत्तांतांत आणि चित्रांत तिथल्या लोकांचे पोशाख, गोंदणं, अवजारं टिपलेली आहेत. परक्यांनी केलेल्या नोंदी पावणेदोनशे वर्षांनी नातवंडांच्या कामी आल्या. बाहेरच्याचं सगळंच टाकाऊ असा हट्ट या लोकांनी धरला नाही. घेतलं ते आपल्या अटींवर घेतलं.

पैशाची अडचण मात्र मोठी होती. कॅनडात त्या वेळी इंग्रजी आणि फ्रेंच चित्रपटांसाठी सरकारी मदतीची थैली मोठी आणि मूलनिवासी भाषांसाठी वेगळी, लहानशी. १९९८ साली चित्रीकरण सुरू झालं आणि पैशाअभावी थांबलं. त्याच वर्षी आपाक कर्करोगानं गेले. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, काम पुन्हा सुरू झालं. याच वर्षी १ एप्रिलला 'नुनावुत' हा इन्युइट बहुसंख्येचा स्वतंत्र प्रदेश कॅनडाच्या नकाशावर आला. चित्रपटाचा सगळा खर्च सुमारे वीस लाख कॅनेडियन डॉलर. फिल्मच्या जड कॅमेऱ्याऐवजी डिजिटल व्हिडिओवर चित्रीकरण केल्यामुळे तो एवढ्यात भागला. त्या थंडीत, बर्फावर, मोजक्या माणसांनिशी काम करायला हलका कॅमेराच उपयोगी होता.

डिसेंबर २००० मध्ये चित्रपट सर्वांत आधी इग्लूलिकमध्ये दाखवला गेला. मग मे २००१ मध्ये कान महोत्सवात त्याला 'कॅमेरा दॉर' मिळालं. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी असलेलं हे पारितोषिक १९८८ साली मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे'ला मिळालं होतं, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २००२ मध्ये कॅनडातल्या जीनी पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि २०१५ मध्ये टोरांटो महोत्सवानं घेतलेल्या कौलात कॅनडाचा आजवरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून पहिला आला. एका हजार-दोन हजार वस्तीच्या गावानं, पूर्णपणे आपल्या भाषेत केलेला चित्रपट!

आणखी एक बारकाई सांगतो. चित्रपट संपून नावं येऊ लागली की पडद्यावर चित्रीकरणाची दृश्यं दिसतात. आधुनिक कपड्यांतले कलाकार आणि बर्फावर कॅमेरा घेऊन चाललेली मंडळी. जणू ते सांगतात, हे आम्ही केलं, आम्ही आजची माणसं आहोत. 'नानूक'नं कापलेला इग्लू लपवला होता, यांनी काहीच लपवलं नाही.

गोष्टीचा शेवट बदलायचा का?

आता एक अवघड प्रश्न. मूळ दंतकथेत अतानारजुआत परत येऊन शत्रूंना ठार मारतो. चित्रपटात तो शत्रूला जमिनीवर पाडतो, पण मारत नाही. खून इथे थांबला पाहिजे, असं म्हणतो. मग हे परंपरेचं जतन झालं की मोडतोड?

शिबिरात यावर नेहमी खडाजंगी होते. एक गट म्हणतो, जतन करायचं तर जसंच्या तसं करा. माझं मत वेगळं आहे. तोंडी परंपरेत 'जसंच्या तसं' असं काही नसतंच. आठ वृद्धांच्या आठ गोष्टी होत्या, हे आपण बघितलं. आपल्याकडे रामकथा किती प्रकारे सांगितली जाते! आपल्या ओव्यांतली सीता आणि ग्रंथातली सीता एकच आहे का? कथा सांगणारा ती आपल्या काळासाठी सांगतो. बदलाचा अधिकार कुणाला, हा खरा प्रश्न आहे. इथे तो बदल त्या समाजानं, आपल्या माणसांत बसून, उघडपणे केला. बाहेरच्या निर्मात्यानं प्रेक्षकांना गोड वाटावं म्हणून केला असता, तर मीही आक्षेप घेतला असता.

या मंडळींनी आपल्या इतिहासातले दुखरे प्रसंगही टाळले नाहीत. २००६ सालच्या 'द जर्नल्स ऑफ क्नुद रासमुसेन' मध्ये आव्वा नावाच्या शेवटच्या मोठ्या शामनाची गोष्ट आहे. शामन म्हणजे आपल्या आदिवासी पाड्यांवरच्या भगतासारखा. काळ १९२२, म्हणजे बरोबर 'नानूक' प्रदर्शित झाला ते वर्ष. उपासमार, नवा धर्म आणि जुने आत्मे यांच्या कात्रीत सापडलेला आव्वा शेवटी आपल्या साहाय्यक आत्म्यांना निघून जायला सांगतो आणि ते रडत रडत बर्फावरून दूर जातात. त्यात कुणाला शिव्याशाप नाहीत, पण काय गेलं ते कळतं.

२०१९ सालचा 'वन डे इन द लाइफ ऑफ नोआ पिउगात्तुक' तर मला फारच मोलाचा वाटतो. १९६१ सालचा एक दिवस. सरकारी अधिकारी दुभाषा घेऊन छावणीत येतो आणि नोआला सांगतो, वस्तीत राहायला चला, मुलांना शाळेत घाला. बराचसा चित्रपट हे एकच संभाषण आहे. अधिकारी बोलतो एक, दुभाष्यातून पोचतं दुसरं. पुनर्वसनाच्या बैठका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. हा चित्रपट व्हेनिसच्या २०१९ च्या कला-द्वैवार्षिकीत कॅनडाच्या दालनात दाखवला गेला.

दिवा लावायला शिकवणारी फिल्म

शिकारीच्या चित्रणात पुरुषच जास्त दिसतात. घरातलं, बायकांच्या हातातलं ज्ञान राहून जाईल, हे ओळखून १९९१ साली इग्लूलिकच्या बायकांनी व्हिडिओ कार्यशाळा सुरू केली. तिच्यातून 'अर्नाइत' हा गट उभा राहिला. मॅडलिन इवालू, सुझान अविंगाक या तिथल्या आणि मारी-एलेन कुझिनो ही दक्षिणेकडून आलेली मैत्रीण, अशा काही जणींचा.

त्यांची 'कुल्लिक' नावाची एक छोटी फिल्म १९९३ सालची आहे. कुल्लिक म्हणजे दगडाचा चंद्रकोरीसारखा दिवा. त्यात सीलची चरबी जळते. इग्लूतली ऊब, प्रकाश, स्वयंपाक, ओले कपडे वाळवणं, सगळं त्याच्यावर. वात नीट राखली नाही तर धूर होतो आणि ज्योत विझते. दिवा राखणं हे घरच्या बाईचं काम, आणि ते शिकायला वर्षं लागत. फिल्ममध्ये दोन बायका इग्लूत दिवा लावतात, बस. पण ज्या घरांत वीज आली आणि कुल्लिक कोपऱ्यात गेला, तिथल्या मुलीला ही फिल्म बघून आपली आजी कुठे बसायची हे कळू शकतं. २००८ साली याच बायकांनी 'बिफोर टुमॉरो' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यात आहे एक आजी आणि तिचा नातू.

पैसा संपतो, पट्टीही खराब होते

ही सगळी यशाचीच कहाणी आहे असं समजू नका. २०११ साली कर्जामुळे 'इग्लूलिक इसुमा' कंपनी अवसायकाच्या ताब्यात गेली. लोकांनी दुसऱ्या नावानं काम चालू ठेवलं. शिवाय व्हिडिओ टेप हे काही तांब्याचे ताम्रपट नव्हेत. वीस-तीस वर्षांत चुंबकीय पट्टी खराब होऊ लागते, आणि ती वाजवायची यंत्रंही बाजारातून नाहीशी होतात. म्हणून चित्रीकरण झालं म्हणजे जतन झालं, हा समज काढून टाकला पाहिजे. दर काही वर्षांनी सगळं नव्या माध्यमावर उतरवावं लागतं, आणि त्याला पैसा आणि माणूस दोन्ही लागतात.

वितरणाचाही प्रश्न होता. पॅरिसला गेलेला चित्रपट शेजारच्या वस्तीत पोचेना. २००८ साली त्यांनी इंटरनेटवर 'इसुमा टीव्ही' सुरू केला, पण उत्तरेत इंटरनेट इतकं मंद की चित्र हलेना. मग वस्त्यांमध्येच छोटे संगणक बसवून त्यांत फिल्मा साठवल्या, म्हणजे गावातल्या गावात त्या बघता येतील. जानेवारी २०२१ मध्ये 'उवागुत टीव्ही' ही पूर्णपणे इन्युइट भाषेतली वाहिनी सुरू झाली. ज्या गावानं एकदा टीव्ही नाकारला होता, त्याच गावातल्या माणसांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे.

सगळंच सगळ्यांना दाखवायचं?

दुसरी सावधगिरी अधिक नाजूक आहे. काही विधी बायकांनीच बघायचे असतात, काही फक्त जाणत्यांनी. काही समाजांत गेलेल्या माणसाचं चित्र दाखवणं हे दुःखावर डागणी दिल्यासारखं असतं. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीक इथल्या वारुमुंगु लोकांनी २००७ च्या सुमारास संशोधकांच्या मदतीनं 'मुकुर्तु' नावाची संगणकीय व्यवस्था तयार करवून घेतली. तिच्यात कोणतं चित्र कोणी बघायचं हे नातं, कुळ, स्त्री-पुरुष यांच्या त्यांच्या रिवाजानुसार ठरतं. इतर समाजांनीही ती आपापल्या रीतीप्रमाणे वापरायला घेतली. जतन आणि प्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो. देवघरातला टाक जपून ठेवतात, तो चौकात मांडत नाहीत.

आपल्याकडे

आपल्या देशातही असं काम झालं आहे. झारखंडमध्ये रांचीला मेघनाथ आणि बिजू टोप्पो यांनी 'अखरा' या गटातून माहितीपट केले. अखरा म्हणजे गावातली नाचण्याची, जमण्याची जागा. बिजू टोप्पो स्वतः उरांव समाजातले. त्यांच्या 'एक रोपा धान' आणि 'लोहा गरम है' या माहितीपटांना २०१० सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. एक भातशेतीविषयी, तर दुसरा स्पंज आयर्नच्या कारखान्यांनी होणाऱ्या प्रदूषणाविषयी. संस्कृती म्हणजे फक्त नाच-गाणी नव्हे. ज्या जमिनीवर ती नाचते ती जमीनही संस्कृतीच आहे, हे या कामातून कळतं.

आज मेळघाटातल्या, नंदुरबारच्या, गडचिरोलीच्या तरुणाच्या खिशात जो फोन आहे, त्याचा कॅमेरा कुनुकनं १९८१ साली आणलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. तेव्हा साधन नाही ही सबब आता उरली नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. मुलांना मी चार-पाच गोष्टी सांगतो. आधी विचारा, मग कॅमेरा काढा, आणि नको म्हटलं तर फोन खिशात ठेवा. माणसाला त्याच्याच बोलीत बोलू द्या. प्रमाण मराठीतलं किंवा हिंदीतलं निवेदन त्याच्या आवाजावर चढवू नका, खाली उपशीर्षकं द्या. घाईनं तुकडे करू नका. सूप विणणारी आजी मध्येच थांबून विचार करते, तो थांबाही टिपा. प्रत्येक चित्रणाला नाव, गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नातं लिहून ठेवा, नाहीतर पन्नास वर्षांनी तो नुसता अनोळखी चेहरा उरेल. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. आणि पहिला खेळ त्याच पाड्यावर करा.

या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व सांगणारं एक उदाहरण देतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैडा लोकांची भाषा अस्खलित बोलणारे जेमतेम वीसेक जण उरले होते. २०१८ साली त्यांनी आपल्या भाषेतला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला. इंग्रजी नाव 'एज ऑफ द नाइफ', निर्मितीत इग्लूलिकच्या मंडळींची साथ. कलाकारांपैकी बहुतेकांना ती भाषा येतच नव्हती. म्हणून चित्रीकरणाआधी भाषेचं शिबिर भरवलं. म्हाताऱ्या माणसांनी एकेक वाक्य, एकेक उच्चार घोटून घेतला. चित्रपट किती चालला हा मुद्दा गौण. नातवंडं आजी-आजोबांसमोर बसून त्यांची भाषा बोलली, हे त्या चित्रपटाचं पहिलं उत्पन्न.

ज्यांच्या घरात अजून एखादी आजी जात्यावरची ओवी म्हणते, भगताची गाणी जाणते, रानभाजीची नावं सांगते, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. मोठ्या संस्थेची, अनुदानाची वाट बघू नका. येत्या सुट्टीत तिच्याशेजारी बसा. फोन समोर ठेवायला तिची परवानगी घ्या. आणि ती बोलू लागली की तुम्ही मात्र गप्प राहा.